मुलगी बघायला गेलो आणि एकेचाळीस मोजून आलो

...आणि वर मान करून बसायचं म्हणजे किती वेळ बसायचं हो माणसानं? अर्धा तास समजू शकतो, एक तास समजू शकतो, चौथ्या मजल्यावरून कोणी किल्ली टाकणार असेल, कुणाचा पतंग कापला जात असेल... पण सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत? ऑक्टोबरच्या उन्हात? गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या नव्या कोटात? तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून माझी मान डावीकडे वळते, उजवीकडे वळते, पण खाली येत नाही, आणि मिलमधल्या लोकांना वाटतं सीताराम तळगावकराला गर्व झालाय. गर्व कसला होतोय? मुलगी बघायला गेलो होतो मी.

हो, मुलगी. आमच्या मालवणीत चेडू. सुनेत्रा मिठबावकर, गिरगावातली, मॅट्रिक पास. माझ्या दत्ताराममामानं एकदा ठाकूरद्वारच्या नाक्यावरून लांबून दाखवली होती, तीसुद्धा भाजी घेताना, तीसुद्धा पाठमोरी. आता पाठमोऱ्या मुलीवरून काय कळतं म्हणाल. मला कळलं. तिनं मेथीची जुडी उचलली, उलटी करून झटकली, आतून हा एवढा चिखल पडला, तिनं जुडी परत ठेवली आणि दुसरी उचलली. भांडण नाही, तंटा नाही. मला वाटलं, झालं, हीच. एकोणतीस वय माझं, तीन मुलींनी आधी नाही म्हटलेलं, लालबागच्या चाळीत मी आणि आई, आणि आई रोज रात्री जेवताना माझ्याकडे अशी बघते की तो घास माझ्या घशाखाली उतरत नाही. माझं मन बसलं हो त्या मुलीवर, आता तुमच्यापासून लपवून काय करू?

मामा म्हणाला, "सीताराम, तू फक्त गप रव. तोंड उघडलंस की सोयरीक मोडता." म्हटलं, गप राहीन. मग मुलीकडचा निरोप आला, मुलाला रविवारी सकाळी आठ वाजता एकट्यालाच पाठवा, बोलणी संध्याकाळी करू. सकाळी आठ? तुम्ही ऐकलंय कधी? मुलगी बघायची म्हणजे संध्याकाळी चारला, ऊन उतरल्यावर, दोन मामा, एक आत्या, झालंच तर बोलायला एक शेजारी असा लवाजमा घेऊन. मी मामाला विचारलं तर म्हणतो, "त्यांची रीत आसतली, तुका काय करूचा आसा?" गेलो. नवा कोट घातला, आईनं कपाळाला अंगारा लावला, आणि बरोबर आठला दोन मिनिटं कमी असताना मिठबावकरांच्या दारात उभा राहिलो, कारण मी टाइमकीपर. परळच्या एका मिलमध्ये गेटवर बसतो. आत आलेला कामगार मोजायचा, बाहेर गेलेला मोजायचा, मध्ये कोण कुठे किती वेळ गेला ते लिहायचं. वेळ चुकली की मला अंगाला खाज सुटते.

दार उघडलं सासऱ्यांनी. म्हणजे होणाऱ्या. म्हणजे न होणाऱ्या... ते येईल पुढे. अप्पा मिठबावकर. खाकी हाफपँट, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी आणि गळ्यात ही एवढी दुर्बीण. अप्पा म्हणजे गोदीतले रिटायर टॅली क्लार्क. बोटीतून पोती उतरतात ना, ती मोजायची, एक, दोन, तीन, दहा झाली की रेघ. तेहतीस वर्षं माणसानं पोती मोजली, रिटायर झाला, आता घरात पोती कुठून आणणार? पहिले सहा महिने म्हणे जिने मोजले, बरण्या मोजल्या, शेजाऱ्याच्या घरी येणारे पाहुणे मोजले, ते शेजारी बोलायचे बंद झाले. तेवढ्यात एका खलाशानं जाताना ही दुर्बीण दिली आणि अप्पांनी वर बघितलं. वर पक्षी होते. मोजता येण्यासारखे.

मला म्हणतात, "या तळगावकर, वेळेवर आलात. सुनेत्रा तयार होतेय, तोवर गच्चीवर बसू. आज वारा चांगला आहे." म्हटलं, बसू. मुलीचा बाप म्हणतोय गच्चीवर, तर गच्चीवर. चार जिने चढलो, वर गेलो, तर तिथं आधीच एक माणूस बसलेला. गोरा, कुरळे केस, डोळ्यांवर काळा चष्मा. मी विचारलं, आपण? तो म्हणतो, मी हेरंब. मुलगी बघायला आलोय. म्हटलं, कुणाची? तो अप्पांकडे बोट करतो, म्हणतो, ह्यांची.

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची गच्ची सरकली. एकाच मुलीला बघायला दोन मुलगे, एकाच दिवशी, एकाच वेळेला? मी अप्पांकडे बघितलं, वाटलं माणूस ओशाळेल, सारवासारव करेल. छे. अप्पा खूश. म्हणतात, "दोघं आहात ते उत्तम झालं. एकटा मोजायला बसला की आकडा चुकतो. दोघं असले की ताळा मिळतो." आणि एकाला उत्तरेकडे तोंड करून बसवला, एकाला पूर्वेकडे. मुलगी बघायला गेलो होतो मी, आणि समोर काय, तर पाण्याची टाकी आणि आभाळ.

मग अप्पांनी समजावलं. दर ऑक्टोबरात म्हणे थंडीच्या मुलखातले शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघतात, हिमालयापलीकडून येतात काही, किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकतात, त्यांतले थोडे आपल्या डोक्यावरून जातात. ससाणा, भोवत्या, मोहोळघार. भोवत्या म्हणजे पंख असे वर धरून तरंगत जाणारा. बरोबर लहानसहान पण असतात, परीट वगैरे, शेपटी वरखाली करणारा, पण तो किरकोळीत, त्याची वेगळी ओळ. मी म्हटलं, अप्पा, ही बघा एक घार. तर म्हणतात, "घार मोजायची नाही. घार मुंबईची." मी म्हटलं, कशावरून? म्हणतात, "ही गेल्या जूनमध्ये इथंच होती. मी ओळखतो." आता बघा, ते दिवस कसले, आठवा. द्विभाषिक राज्य डोक्यावर मारलेलं, खाली रस्त्यावर मुंबई कुणाची म्हणून डोकी फुटतायत, आणि वर हा गृहस्थ घारींचे रहिवासाचे दाखले तपासतोय.

मोजायची पद्धत ऐका. दोघांना एक-एक पुडी भाजक्या चण्यांची. चणे डाव्या खिशात टाकायचे, पक्षी गेला की एक चणा उजव्या खिशात. लिहायचं नाही, कारण लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात एखादा ससाणा निसटतो. संध्याकाळी उजवा खिसा मोजायचा. पद्धत चोख आहे, मी टाइमकीपर म्हणून सांगतो. फक्त माणूस चोख पाहिजे. मी एकेक चणा असा मोत्यासारखा सांभाळतोय आणि शेजारी कुडुम कुडुम आवाज. बघतो तर हेरंब चणे खातोय. म्हटलं, अहो, कुठल्या खिशातले? तो म्हणतो, "दोन्ही." उत्तरेकडून एवढा हिमालय ओलांडून आलेले पक्षी त्या माणसाच्या पोटात गेले.

नऊ वाजता जिन्यावर बांगड्या वाजल्या. मी कोट सारखा केला, केसांवरून हात फिरवला, चेहरा कसा ठेवायचा ते मामानं शिकवलं होतं तसा ठेवला. पोह्यांची ताटली वर आली. ताटलीमागून आल्या कमळाबाई, म्हणजे मुलीची आई. म्हणतात, "घ्या हं, सुनेत्रा न्हाऊन केस वाळवतेय." बरं, वाळवू दे. खाल्ले पोहे. साडेदहाला परत बांगड्या, परत कोट, परत चेहरा. शिरा आणि कमळाबाई. "साडी नेसतेय." बरं. बाराला पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कमळाबाई. "देवळात गेलीय जरा." आणि दोन वाजता थालीपीठ, लोण्याचा गोळा आणि कमळाबाई. "मैत्रिणीकडे गेलीय, इस्त्री आणायला." आता मला सांगा, साडी नेसून झाली, देवळात जाऊन आली, आणि इस्त्री आता कशाची? अहो, आमच्या मिलमध्ये कामगाराला बाहेर बारा मिनिटं लागली तर मी नावापुढे शेरा मारतो. इथं मुलगी सहा तास गायब आणि मी तोंडात थालीपीठ धरून वर बघतोय. पण बोललो नाही. गप रव सांगितलं होतं ना मामानं. कमळाबाईंचा चेहरा एवढासा झाला होता, ते दिसत होतं मला. पण मान खाली आली असती तर पुढचं विचारलं असतं ना.

बरं, मधल्या वेळात मी काय करत होतो, तर मोजत होतो. आणि तुम्हाला खरं सांगू, अकराच्या सुमाराला माझ्या हातून एक गोष्ट झाली. एक भोवत्या आला. एकटाच. पंख हलवत नाही, काही नाही, गिरगावच्या कौलांवरून असा सरळ चाललाय, जसा त्याला कुणी पत्ता लिहून दिलाय. कुठून निघाला असेल, किती दिवस झाले असतील, सोबत कोणी नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हानं असेल. अप्पांनी बघितलं आणि गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. लग्नाची माळ पडायची ती नाही पडली, दुर्बीण पडली.

आता मुख्य भाग. तीन वाजता हेरंब उठला. एवढे चणे खाल्लेले, तहान लागणारच. घरातलं पाणी त्याला चालेना, म्हणतो, खाली जाऊन लेमन पिऊन येतो. अप्पांनी मान खाली न घालताच मांडीवरच्या वहीत लिहिलं, तीन वाजून चार मिनिटं, उत्तर बाजू उघडी. मी मनात म्हटलं, एक गडी बाद. आणि हेरंब खाली उतरतोय न उतरतोय तोच रस्त्याच्या टोकाकडून आवाज आला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र... आणि हजार गळे... झालाच पाहिजे. त्या दिवसांत मोर्चा नाही असा रविवार दाखवा तुम्ही मला. पण हा मोठा होता. गॅलऱ्या भरल्या, खिडक्या भरल्या, थाळ्या वाजायला लागल्या. लालबागचा माणूस मी, आमच्या चाळीतल्या एकाच्या मांडीत गोळी शिरलेली मी बघितलेली. उठलोच मी. म्हटलं, अप्पा, जरा खाली जाऊन येतो.

अप्पा वर बघतच म्हणतात, "खुशाल जा. महाराष्ट्र मलाही पाहिजे, वर्गणी दिलीय मी. पण तळगावकर, जागा सोडणाऱ्या माणसाला मी मुलगी देणार नाही."

आता करा विचार. एकीकडे महाराष्ट्र, एकीकडे सुनेत्रा. पाच मिनिटं मी तसाच अर्धवट उभा, ना बसलेला ना उठलेला. शेवटी म्हटलं, महाराष्ट्राला तीन कोटी माणसं आहेत, सुनेत्राला मी एकटा. बसलो. बसलो हो, लाज वाटत होती तरी बसलो.

तेवढ्यात ससाणा आला. बहिरी ससाणा. टाकीच्या वरून सूं करून खाली, कबुतरांच्या थव्यात. दुर्बीण माझ्या गळ्यात, मी त्याच्या मागोमाग दुर्बीण खाली नेली, खाली, आणखी खाली, ससाणा गेला कुठच्या कुठे आणि दुर्बिणीत आली पोलिसांची लॉरी. लॉरीत हेरंब. एका पोलिसानं कॉलर धरलीय, एकानं पँट, आणि हेरंबच्या हातात लेमनची बाटली. आणि त्याच्या पुढे एक मुलगी, पदर खोचलेला, हातात झेंडा, लॉरीच्या फळीवर पाय देऊन अशी काही ओरडतेय की पोलीस दोन पावलं मागे. मी मनात म्हटलं, बापरे, ही कुणाच्या गळ्यात पडणार आहे देव जाणे. म्हटलं, अप्पा, खाली जरा गडबड आहे, आपला हेरंब... तर अप्पा म्हणतात, "खाली बघायचं नाही, तळगावकर. खाली माणसं असतात."

मी दुर्बीण वर केली. तुम्हाला कळलं असेल, मला नाही कळलं. पाठमोरी बघितलेली ना मी.

लॉरीत काय झालं ते मला नंतर हेरंबनंच सांगितलं, पोट धरधरून हसत. फौजदार नाव-गाव लिहून घेत होता. हेरंब गयावया करतोय, साहेब, मी मोर्चातला नाही हो, मी लेमन प्यायला आलो, मी इथे मिठबावकरांकडे मुलगी बघायला आलोय. तर पुढची ती झेंडेवाली वळते आणि विचारते, "कोणाच्याकडे?" हा म्हणतो, मिठबावकरांकडे. ती म्हणते, "मग बघा." सगळी लॉरी हसली म्हणे, फौजदारसुद्धा. तिनं घोषणा दिली, हेरंबनं घाबरून पुढचं म्हटलं, झालाच पाहिजे, आणि चौकीत पोचेपर्यंत त्याचा घसा बसला. सकाळी सातला मोर्चाच्या कामाला घरातून निघाली होती सुनेत्रा. आईला सांगून गेली होती, दहाला येते, पाहुण्यांना पोहे दे. त्या बिचाऱ्या कमळाबाई दिवसभर तळतायत, परततायत, देवाला हात जोडतायत आणि आम्हाला खोटं सांगतायत. अप्पांना पत्ताच नाही. अप्पांना खरोखर वाटत होतं की ती साडी नेसतेय.

साडेपाचला अप्पा म्हणाले, बस. उजवा खिसा उलटा केला. एकेचाळीस चणे. अप्पांनी मोजले, मी मोजले, परत अप्पांनी मोजले. एकेचाळीस. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणतात, "तेहतीस वर्षं गोदीत काढली, असा टॅली बघितला नाही. तळगावकर, मुलगी तुमची." ऐकलंत? बापानं दिली होती हो मला. आणि त्याच वेळेला खाली गलका. लोकांना सोडून दिलेलं, वाडीतली माणसं हार घेऊन आलेली, सुनेत्रा घरी आली, हेरंब घरी आला, दोघांच्या गळ्यात हार. मी जिन्याकडे धावलो. अप्पा म्हणतात, "थांबा. वहीत उतरवल्याशिवाय खाली जायचं नाही. आठवून आठवून, एकेकाची वेळ, दिशा, वारा." एकेचाळीस पक्षी. वेळ, दिशा, वारा. मी खाली उतरलो तेव्हा ती दोघं चौपाटीच्या सभेला निघून गेली होती. खोलीत दत्ताराममामा पोहे खात बसलेला. म्हणतो, "बघितलंस मां चेडू?"

आठ दिवसांनी जबाब आला. बाप म्हणतो, मुलगा लाखात एक. मुलगी म्हणते, "खालून एवढा मोर्चा चाललेला असताना जो माणूस वर पक्षी मोजत बसतो, त्याच्याशी मी लग्न करणार नाही. माझं जमलंय, जो बघायला आला होता आणि लॉरीत चढला त्याच्याशी." लॉरीत चढला? अहो, चढवला. कॉलर धरून, मी बघितलंय, दुर्बिणीतून. पण सांगू कुणाला? खाली बघायचं नाही म्हणून सांगितलेलं होतं. आणि तिचं तरी काय चुकलं? बसलोच होतो मी. वाईट वाटलं. आठ दिवस जेवण गेलं नाही, आई काही विचारायची नाही आणि तेच जास्त लागायचं. मुलगी बघायला गेलो होतो मी, आणि मुलगी सोडून गिरगावावरून जे जे गेलं ते सगळं बघून आलो.

पुढच्या शनिवारी पाळी सुटताना मिलच्या गेटवर कोण उभं, तर अप्पा. हाफपँटीत. कामगार बाहेर पडतायत आणि हे दोन बोटांनी हवेत मोजतायत. माझ्याकडे बघवेना त्यांना. म्हणतात, "तळगावकर, तिच्यापुढे माझं चालत नाही. मी शब्द दिला होता, तो मोडला. जावई तुम्ही व्हायला पाहिजे होता." डोळे भरले होते म्हाताऱ्याचे. म्हटलं, असू दे अप्पा. मग वर आभाळाकडे बघत म्हणतात, "उद्या वारा उत्तरेचा आहे." मी, तुम्हाला सांगतो, मी ठरवलं होतं, ह्या माणसाचं तोंड बघायचं नाही, त्या गल्लीत पाय ठेवायचा नाही. आणि माझ्या तोंडातून शब्द काय बाहेर पडावेत? "किती वाजता?"

लग्नाला गेलो. आहेर केला. मान वरच, त्यामुळे मांडवाचं छत तेवढं बघून आलो. आणि दर ऑक्टोबरात, प्रत्येक रविवारी, त्या गच्चीवर मी आणि अप्पा. जावई तो, आणि गच्चीवर मी. गेल्या वर्षी ती माहेरपणाला आलेली, चारच्या सुमाराला जिन्यावर बांगड्या वाजल्या. माझं लक्ष नव्हतं, कमळाबाई असतील म्हटलं. तर आवाज वेगळा. "सीतारामभाऊ, चहा." अहो, ती. सुनेत्रा. दोन हातांवर, समोर, कपबशी पुढे केलेली. इतकी वर्षं जी बघायची राहिली होती ती, ना पाठमोरी ना दुर्बिणीतून. आणि नेमका त्याच घटकेला टाकीमागून ससाणा निघाला हो. आता तुम्हीच सांगा, कुठं बघायचं माणसानं?

मादी होती. चार वाजून दहा मिनिटं, ईशान्येकडून नैर्ऋत्येला, वारा मंद, छातीवर आडव्या रेघा, उजव्या पंखातलं एक पीस तुटलेलं. सुनेत्रा कशी दिसते म्हणून विचारलंत, तर मी मान खाली आणेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.

तर असं आहे. कोणी मुलगी असेल तुमच्या बघण्यात तर जरूर सांगा, माझी काही अट नाही, शिक्षण नको, हुंडा नको, रंगाचं काही नाही. फक्त बघण्याचा कार्यक्रम ऑक्टोबरात ठेवू नका. रविवारी मला जमत नाही.